मीठ बसलं त्या दिवशी

हॉस्पिटलात त्याला सगळे थंडोबा म्हणत. एक तर तो तळघरातल्या थंड पाण्याच्या मशीनवर ऑपरेटर होता, आणि दुसरं म्हणजे त्याचा स्वभावच तसा. कुणी धापा टाकत आलं, पाइप फुटला म्हणून ओरडायला लागलं, तरी हा आधी विचारायचा, "कुठला?" मग चष्मा पुसायचा आणि मगच उठायचा. बावीस वर्षं त्यानं त्या तळघरात काढली होती. खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ओळखपत्र वाचतो कोण?

घरात माणसं तीन. थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि हा. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा हा दहा वर्षांचा होता आणि दादा बावीसचा. पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं. एकोणीस वर्षांची वहिनी घरात आली आणि अर्ध्या चड्डीतल्या, गुडघ्याला मलम फासलेल्या या पोराला म्हणाली, "अहो भाऊजी, जरा पाणी देता का?" घरात जमलेली माणसं पोट धरधरून हसली. हसणारे आपापल्या घरी गेले, पण ते 'अहो' मात्र राहिलं. अडतीस वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली आणि तो तिला अगं-तुगं. दादा-वहिनीला मूल झालं नाही. याचं लग्न आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. तिघांचं बरं चाललं होतं.

दादा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. धाकट्याला कामाला हात लावायला त्यानंच शिकवलं. झडप कशी हळूहळू उघडायची, पाइपावर हात न ठेवता नुसता जवळ नेऊन आतली वाफ कशी ओळखायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदवही. "काटा जे दाखवतो तेच लिहायचं. साहेबाला काय आवडेल ते नाही," असं दादा सांगायचा, आणि एवढं सांगितलं की त्याचं शिक्षण संपायचं.

पुढं दादाची फुप्फुसं निकामी होत गेली. तीन वर्षं औषधं झाली, घरी ऑक्सिजन झाला, आणि शेवटी धाकट्याच्याच हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत दादाची खाट लागली. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता दिवस मोजायचे." वहिनी दिवसरात्र तिथंच असायची. हा पाळीवर यायचा तेव्हा आधी तळघरात सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायचा, मग वर जाऊन दादाजवळ जरा बसायचा.

तळघरातलं ते मशीन मात्र अजब होतं. शेजारच्या खोलीत गॅसवर चालणारं मोठं इंजिन होतं. त्यावर हॉस्पिटलची वीज तयार व्हायची. त्या इंजिनाचा जो तापलेला धूर एरवी हवेत सोडून दिला असता, त्यावर वाफ करायची आणि ती वाफ या मशीनला द्यायची. मशीन त्या वाफेच्या जोरावर पाणी गार करून सगळ्या मजल्यांवर पाठवायचं. थंडीच्या दिवसांत त्याच वाफेवर खोल्या गरम व्हायच्या. एका गॅसवर तीन कामं. नवीन आलेल्या माणसाला कितीदा सांगितलं तरी पटायचं नाही. गरम देऊन गार कसं मिळतं? थंडोबा म्हणायचा, "मिळतं खरं. हात लावून बघ."

मशीनच्या पोटात खारं पाणी फिरायचं. साधं मीठ नव्हे, त्या कामाचं खास मीठ, आणि पाण्यात इतकं विरघळवलेलं की द्रावण हाताला बुळबुळीत लागावं. त्या मिठाची एकच खोड होती. ते दाट असताना एकदम गार झालं की पाइपातच बसायचं. बसायचं म्हणजे अगदी दगड. मग सगळं थांबलं. म्हणून मशीनची ऊब बाहेर टाकण्यासाठी छपरावरच्या मनोऱ्यात पंख्याखाली निववून परत आणलेलं पाणी फार गार होऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. मनोऱ्याचा पंखा आपोआप चालू-बंद करणारी पेटी महिनाभर बिघडलेली होती. तक्रार लिहून झाली होती, भाग यायचा होता. तोवर पंखा हातानं चालवायचा. पहाटे गारठा असताना बंद ठेवायचा आणि ऊन चढलं की लावायचा.

त्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. ऋतू बदलत होता. पहाटे अंगावर घ्यावंसं वाटायचं आणि दुपारी अंगातला सदरा नकोसा व्हायचा. पंखा खरं तर साडेआठला लावायचा. पण त्याला वर जायचं होतं. रात्री दादाला बरं नव्हतं, असं वहिनीनं फोनवर सांगितलं होतं. दहा मिनिटांत परत येतो, तेवढ्यानं काय होतंय, असं म्हणत त्यानं सात वाजताच पंखा लावून टाकला आणि सात दहाला जिना चढायला लागला. आजवर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

वर दादा जागा होता. नाकातोंडावर मास्क होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यानं धाकट्याचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. पकडीत जोर नव्हता, पण सोडवून घ्यायचं याच्या जिवावर आलं. दहा मिनिटं म्हणता म्हणता चाळीस झाली.

सात पन्नासला तो खाली आला, तर मशीनचा भोंगा कोकलत होता आणि ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. इंजिनवाला पलीकडं आपल्या धडधडाटात होता. पायरीवरूनच याच्या लक्षात आलं. तरी त्यानं चष्मा पुसला. मग मशीनच्या बगलेतल्या उताराच्या पाइपाजवळ हात नेला. एरवी कोमट असणाऱ्या त्या पाइपानं हाताला चटका दिला. दाट द्रावणाची नेहमीची वाट बंद झाली होती. ते भरून वर आलं होतं आणि या आडवाटेनं उतरत होतं. मीठ बसलं होतं.

त्यानं मुख्य इंजिनियर साहेबांना फोन केला. साहेब पाच मिनिटांत खाली आले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वेळी पाच तास लागले होते."

"विजेवरचं छोटं मशीन लावलंय मी. पण ते फक्त ऑपरेशनच्या खोल्या आणि अतिदक्षता विभाग सांभाळेल. बाकीचे मजले उघडेच. आणि त्या छोट्याचाही मला भरवसा नाही."

"करतो," थंडोबा म्हणाला.

"तुमचे भाऊ वर आहेत ना? दुसरं कोणी..." साहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. हे काम आधी केलेला दुसरा माणूस रजेवर गावाला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग तो कामाला लागला. वाफ अगदी कमी केली. मनोऱ्याचं पाणी बंद केलं. मशीनमधलंच साधं पाणी द्रावणात सोडून ते पातळ करायला घेतलं. मीठ बसलेल्या भागाभोवती पोती गुंडाळली आणि त्यावर रबरी नळीनं वाफ धरली. पोत्यांतून गरम पाणी ठिबकायला लागलं. मधूनमधून तो लाकडी हातोडीनं पाइपावर ठोकायचा आणि कान लावायचा. आवाज भरीव यायचा. नळीच्या तोंडाशी त्याच्या डाव्या हाताची बोटं भाजली. ते त्याला संध्याकाळी कळलं.

दहा चाळीसला फोन वाजला. वहिनी होती. "भाऊजी, श्वास फार वाढलाय. वर या."

"आलो," तो म्हणाला.

फोन त्यानं खिशात ठेवला आणि नळी पुन्हा धरली.

अकरा पंचवीसला पुन्हा फोन वाजला. या वेळी चौथ्या मजल्यावरची सिस्टर होती. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तो "बरं" म्हणाला. इंजिनवाला तेवढ्यात डोकावला आणि त्यानं विचारलं, "काय झालं?" थंडोबानं सांगितलं, "दादा गेला." आणि हातोडीनं ठोकून कान लावला. आवाज किंचित पोकळ आला होता. इंजिनवाल्याचा हात तोंडावरच राहिला. पुढं कित्येक दिवस हॉस्पिटलात ती गोष्ट तो सांगत राहिला, दर वेळी तसाच तोंडावर हात नेऊन.

पावणेबाराला मीठ सुटलं. आत काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज झाला आणि बगलेतला पाइप हळूहळू निवायला लागला. मग वाफ वाढवायची, मनोऱ्याचं पाणी सोडायचं, काटे बघायचे. वर जाणारं पाणी अठरा अंशांवर होतं. ते चौदा झालं, अकरा झालं. एक वाजता आठ झालं. त्यानं नोंदवहीत आकडे लिहिले, साबणानं हात धुतले आणि जिना चढायला लागला.

खोलीत दादाच्या अंगावर चादर ओढलेली होती. वहिनी स्टुलावर बसली होती. वरच्या जाळीतून गार वारा यायला लागला होता आणि चादरीचं टोक हलत होतं. वहिनीनं त्याच्याकडं बघितलं. त्याचा सदरा भिजलेला होता, पँटच्या गुडघ्यांवर गंजाचे डाग होते.

"आलात," ती म्हणाली.

पुढचं सगळं उरकलं. नातेवाईक आले, गेले. ज्यानं त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "रडून घे रे बाबा, मोकळा हो." तोही प्रामाणिकपणे वाट बघत राहिला. अंघोळ करताना, दिवा मालवल्यावर, दादाचा चष्मा कपाटात ठेवताना त्याला वाटायचं, आता येईल. काही यायचं नाही. चौथ्या दिवशी तो कामावर गेला. रोज जिना उतरायचा, काटे बघायचा, आकडे लिहायचा, घरी यायचा. ताटात असेल ते खायचा. खाल्लं काय, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंगात कुणीतरी सुई टोचून एखादा भाग बधिर करून ठेवावा, दात काढताना करतात तसं, आणि मग तो डॉक्टर दात न काढताच निघून जावा, असं त्याचं झालं होतं. दुःख नव्हतं असं नाही, पण ते शेजारच्या घरात होतं.

वहिनी घरात वावरायची, पण बोलणं कामापुरतंच. भेटायला येणाऱ्या बायकांना ती एकच सांगायची, "शेवटपर्यंत हात माझ्या हातात होता." बायका पदरानं डोळे टिपायच्या. तो आतल्या खोलीत बसून ऐकायचा. एकदा सगळे गेल्यावर ती दाराशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तळघरातून चौथ्या मजल्यावर यायला किती वेळ लागतो?"

"जिन्यानं चार मिनिटं."

"चार," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासायचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आठवडाभरानं साहेबांनी त्याला बोलावलं. मशीन चार तास बंद का राहिलं, याचा अहवाल वर द्यायचा होता.

"पेटी बिघडलेली होतीच," साहेब म्हणाले. "तक्रारीची प्रत आहे आपल्याकडं. पेटी नादुरुस्त, त्यामुळे पाणी जास्त गार झालं, एवढं लिहा आणि सही करा. विषय संपला."

"पेटी बिघडली होती, पण पंखा मी लावला."

"ते कोण विचारतंय?"

"कुणी विचारत नाही."

त्यानं कागद पुढं ओढला आणि सावकाश लिहिलं: 'सात वाजता पंखा हाताने चालू केला. सात दहाला जागा सोडली. सात पन्नासला परत आलो. भोंगा वाजत होता.' साहेबांनी वाचलं आणि पेन टेबलावर आपटलं.

"अहो, तुमच्या घरात असं झालेलं असताना मी तुम्हाला वाचवायला बघतोय, आणि तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय!"

"काटा तेच दाखवत होता, साहेब."

त्याला लेखी ताकीद मिळाली. पत्र हातात घेतानाही त्याला काही वाटलं नाही. एक मात्र झालं. त्या अहवालामुळे वरच्यांना जाग आली, पेटीचा भाग तीन दिवसांत आला, आणि पुढच्या महिन्यापासून दर पाळीला दोन माणसं ठेवायचा हुकूम निघाला. ताकिदीचं पत्र त्यानं घरी कपाटात ठेवलं. वहिनीला काही सांगितलं नाही.

विसाव्या दिवशी दादाचे कागद न्यायला वहिनी हॉस्पिटलात आली. कागद मिळाले आणि ती बाहेर पडायच्या ऐवजी जिना उतरून तळघरात आली. दुपारचे तीन वाजले होते. बावीस वर्षांत ती तिथं पहिल्यांदाच येत होती. दारातच थबकली. तिला वाटलं होतं, एवढं मोठं मशीन म्हणजे कानठळ्या बसतील. पण इथं नुसती गुणगुण होती.

"हेच का ते?"

"हेच."

"आवाज नाही याला."

"यात फिरणारं फारसं काही नाही. दोन-तीन पंप. बाकी सगळं आतल्या आत."

"मला सांगा," ती म्हणाली. "नीट सांगा. मला समजून घ्यायचंय."

त्यानं तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. मग तो मशीनच्या कडेनं चालत सांगत गेला. "या खालच्या भागात हवा नाही. अजिबात नाही. हवाच नसली की पाणी गारच उकळतं. विस्तवाशिवाय."

"गार असताना उकळतं?"

"हो. आणि उकळताना ते आजूबाजूची ऊब ओढून घेतं. त्यातनं वर जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या गेल्यात. ऊब त्यांची जाते. ते पाणी गार होतं."

"मग ती वाफ?"

"ती मीठ पिऊन टाकतं. शेजारीच खारं पाणी फवारत असतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं? तसंच. वाफ पिऊन पिऊन ते पातळ होतं. पातळ झालेलं मीठ कामाचं नाही. म्हणून त्याला वर नेऊन तापवायचं. तिथं इंजिनाची ऊब कामाला येते. पाणी उडून जातं, मीठ पुन्हा दाट होऊन खाली येतं. परत प्यायला तयार."

वहिनीनं सगळं एकदा पाइपावरून नजर फिरवत मनात घोळवलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण शिवणाच्या क्लासात बायकांना कटिंग शिकवायची. कुठला तुकडा कुठं जोडायचा हे तिला चटकन कळायचं.

"आणि बसलं कुठं होतं?"

"इथं." त्यानं मशीनच्या पाठीमागचा जाड चौकोनी डबा दाखवला. "खाली येताना इथं ते निवतं. त्या दिवशी फार निवलं."

"तुम्ही कुठं उभे होतात?"

तो जाऊन उभा राहिला.

"नळी कशी धरली होती?"

त्यानं हातात नळी नसताना धरून दाखवली. ती बघत होती.

"सगळा वेळ धरायला लागते?"

 पंपाची गुणगुण चालू होती. शेजारून इंजिनवाला जेवणाचा डबा हातात घेऊन चालला होता, तो वहिनीला बघून आल्या पावली मागं फिरला.

"नाही," थंडोबा म्हणाला. "तारेनं बांधून ठेवता येते. मागच्या दोन्ही वेळा बांधूनच ठेवली होती. नळी लावली की पाऊण तास नुसती वाट बघायची असते. हातोडीनं ठोकून काही मीठ लवकर सुटत नाही."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा..."

"तेव्हा येता आलं असतं. वर येऊन, बसून, परत जाता आलं असतं. दोनदा येता आलं असतं."

"मग?"

"सकाळी त्यानं माझं मनगट धरलं होतं, वहिनी. तेव्हाच मला कळलं होतं. मला ते बघायचं नव्हतं. इथं काम होतं, म्हणून इथं राहिलो. काम नसतं तर कुठं पळालो असतो कुणास ठाऊक."

हे त्यानं स्वतःलाही आजवर सांगितलं नव्हतं. बोलून झालं तरी आवाज काट्यावरचा आकडा वाचून दाखवावा तसाच होता. मग उरलेलंही त्यानं सांगून टाकलं. पंखा सात वाजता लावला ते, दहा मिनिटं म्हणून गेला ते, भोंगा ऐकायला कुणी नव्हतं ते. "मशीन आपसूक बंद पडलं नव्हतं. मी पाडलं. तसं लिहूनही दिलंय."

वहिनी आता स्टुलावर बसली. कागदांची पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद बोटाला गुंडाळायला लागली.

"खोलीत जीव घुसमटत होता," ती म्हणाली. "दहा वाजल्यापासून. त्या खिडक्या उघडत नाहीत. त्यांना वारा घालून घालून माझा हात भरून आला. तुम्ही आलो म्हणालात, मी दाराकडं बघत बसले. मग माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. म्हटलं, आता भाऊजी येतीलच, तेवढ्यात जिन्याच्या खिडकीशी जाऊन जरा वारा खाऊन येते. तिथं बरं वाटलं. फार बरं वाटलं, भाऊजी. मी तिथंच उभी राहिले. किती वेळ ते मी बघितलं नाही. सिस्टर मला शोधत आली."

तो तिच्याकडं बघत राहिला.

"हात हातात नव्हता," ती म्हणाली. "कुणाचाच नव्हता."

 सवयीनं त्याची नजर काट्याकडं गेली. सात पूर्णांक दोन. तिनं ते बघितलं, पण रागावली नाही.

"डॉक्टर म्हणाले, गारवा असता तरी फरक पडला नसता," तो म्हणाला. "मी विचारलं होतं."

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुमच्यामुळं मी बाहेर गेले. वीस दिवस मी तेच धरून बसले होते. तुम्ही आला असतात तर मी खोलीतच राहिले असते. तुमच्या मशीननं खोली तापवली नसती तर मी खोलीतच राहिले असते. स्वयंपाक करताना, झोपताना, तेच. पण त्या खिडकीशी मला बरं वाटत होतं, आणि मला परत जावंसं वाटत नव्हतं. ते काही तुमच्या मशीननं केलं नाही."

ती रडत नव्हती. तोही रडत नव्हता. बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघं पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल बोलताहेत.

"पाळी कधी संपते?" तिनं उठत विचारलं.

"चारला. बदली माणूस आला की."

"थांबते मग."

ती थांबली. सव्वाचारला दोघं बाहेर पडले आणि बसनं घरी आले. तिला खिडकीजवळची जागा मिळाली, तो दांड्याला धरून उभा राहिला. घरी आल्यावर तिनं कपाट उघडून कागद आत ठेवले. तिथंच तिला ताकिदीचं पत्र दिसलं. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि जिथं होतं तिथं ठेवून दिलं.

त्यानंतरच्या रविवारी मावसभाऊ आणि त्याची बायको आली. लांब राहणारी माणसं, आधी येणं झालं नव्हतं. मावसभाऊ बोलायला मोठा गोड. चहाचा कप तोंडाला लावून म्हणाला, "एका दृष्टीनं दादा भाग्यवानच म्हणायचा. बायको जवळ, भाऊ त्याच इमारतीत. शेवटच्या क्षणी आपली माणसं जवळ असणं, अहो, हे किती जणांना मिळतं?"

"नव्हतो," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी जिन्यात होते. भाऊजी तळघरात होते. खोलीत ते एकटेच होते."

मावसभावाचा कप हवेतच राहिला. त्याच्या बायकोनं नवऱ्याकडं बघितलं, मग थंडोबाकडं, मग भिंतीकडं. "पण तुम्ही तर मागं फोनवर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. ते खरं नव्हतं."

 मावसभावानं हवापाण्याचा विषय काढून बघितला. तो चालला नाही. पाच मिनिटांत त्यांना परतीच्या गाडीची आठवण झाली आणि ती दोघं चपला शोधायला लागली. दारापर्यंत पोचवून वहिनी परत आली तेव्हा थंडोबा खुर्चीवर तसाच बसला होता. त्याचा हात गुडघ्यावर होता आणि तो हात थरथरत होता. त्यानं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला, तर दोन्ही थरथरायला लागले.

"काय होतंय?" वहिनीनं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "गार वाटतंय."

तिनं आतून चादर आणून त्याच्या खांद्यांवर टाकली. बाहेर लख्ख ऊन होतं. तो चादर घट्ट लपेटून बसला, दात एकमेकांवर आपटत, आणि ती समोरच्या खुर्चीवर बसून राहिली.  अर्ध्या तासानं थरथर कमी झाली. मग त्याला तिथंच खुर्चीत झोप लागली. तो जागा झाला तेव्हा वहिनी कपबशा विसळून शिवणाच्या क्लासाला निघून गेली होती, महिनाभरात पहिल्यांदाच, आणि टेबलावर त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलेलं होतं.